पलटणीचा हजेरीपट

दुसऱ्या वर्षाच्या वर्गात पहिल्या महायुद्धाचा धडा चालू होता. सारायेव्हो, व्हर्दून, व्हर्सायचा तह, जे काही क्रमिक पुस्तकात असते ते सांगून झाले. तास संपता संपता मागच्या बाकावरचा, आहुप्याकडून येणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘सर, ह्यात आपल्याकडचं कुणी होतं का?’

वर्ग हसला. मला हसू आले नाही. ‘आपल्याकडचं’ म्हणजे त्याला काय म्हणायचे होते ते मला नेमके ठाऊक होते. तो महादेव कोळी. त्याच्या शेजारचा मुलगा घोडनदीकाठच्या बौद्धवस्तीतला. मी माझ्या घरातला पहिला पदवीधर. आम्हा तिघांच्याही घरातले कोणी त्या धड्यात असणे शक्य नाही, हे पुस्तक लिहिणाऱ्याने गृहीत धरले होते. आणि खरे सांगायचे तर आम्हीही गृहीत धरले होते. मी त्याला म्हणालो, उद्या सांगतो. ‘उद्या’ बराच लांबला. हा लेख म्हणजे त्या मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

त्यासाठी महायुद्धाच्या शंभर वर्षे मागे जावे लागते, आणि सुरुवात आमच्या दारातूनच होते.

१८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली. पुणे इंग्रजांच्या हाती गेले आणि दुसरा बाजीराव फौजेसह पळत सुटला. डिसेंबरात तो जुन्नरच्या डोंगराळ मुलखात होता. त्र्यंबकजी डेंगळे त्याला इकडेच येऊन मिळाला. मागून जनरल स्मिथ येतो आहे असे कळताच बाजीराव दक्षिणेकडे वळला आणि महिनाअखेर चाकणला पोचला. म्हणजे आज ज्या पुणे-नाशिक रस्त्याने आमची मुले एस.टी.ने कॉलेजला येतात, त्याच बाजूने पेशवाईची शेवटची फौज खाली उतरली. पुण्यातल्या इंग्रज अधिकाऱ्याने घाबरून शिरूरहून कुमक मागवली. कॅप्टन स्टाँटन ३१ डिसेंबरच्या रात्री शिरूरहून निघाला, रात्रभर चालला आणि १ जानेवारी १८१८ च्या सकाळी भीमेच्या काठी कोरेगावाजवळ पोचला, तो समोर पेशव्यांची सगळी फौज.

पुढचे आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. किंवा पाठ आहे असे आपल्याला वाटते. ‘पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशव्यांना कापले’ हे वाक्य मी व्यासपीठांवरून किती वेळा ऐकले आणि विद्यार्थी असताना स्वतः किती वेळा म्हटले त्याची गणती नाही. आज वर्गात शिकवताना मला ते जसेच्या तसे म्हणता येत नाही. पेशव्यांची एकूण फौज अठ्ठावीस हजारांच्या घरात सांगितली जाते, त्यात मोठा भाग घोडदळाचा. प्रत्यक्ष गावावर चालून गेले ते निवडक पायदळ, दोनेक हजारांच्या आसपास, आणि त्यांत सर्वांत पुढे होते ते अरब. स्टाँटनकडे आठशेच्या वर माणसे होती. त्यांत मुंबई पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण सुमारे पाचशेची, शिवाय पुणे घोडदळाची तुकडी आणि दोन तोफांसह मद्रासचे गोलंदाज. पलटणीत महार मोठ्या संख्येने होते; पण मराठे होते, मुसलमान होते, बेने इस्राएली यहुदीही होते. दिवसभर अन्नपाण्यावाचून गल्लीबोळांतून झुंज झाली. रात्री पेशव्यांची फौज हटली, गाव स्टाँटनच्या हाती राहिले. स्टाँटनची पावणेतीनशे माणसे ठार, जखमी किंवा बेपत्ता झाली.

हे असे सांगितले की आपलेच काही मित्र नाराज होतात. ‘सर, तुम्ही त्यांच्या बाजूचे झालात काय?’ मला या प्रश्नाचे वाईट वाटत नाही. पण आकडा फुगवण्याची गरज ज्याच्याजवळ पुरावा नाही त्याला असते. आपल्याजवळ पुरावा आहे, तोही दगडावर कोरलेला.

१८२१ साली कोरेगावला स्तंभाचे काम सुरू झाले. त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत, इंग्रजीत आणि मराठीतही. त्यांतली ठार झालेल्यांची नावे एकूणपन्नास, आणि त्यांपैकी बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ हा प्रत्यय आहे. त्या काळी महारांची नावे अशी असत: रायनाक, रामनाक, सिदनाक. ‘नायक’ या शब्दाशी या ‘नाक’चे नाते जोडले जाते. तरुण वाचकांसाठी मुद्दाम सांगतो, की जुन्या कागदात आपली माणसे शोधायची असतील तर हा प्रत्यय हाच पहिला माग. पुढे आपली नावे बदलली, हा प्रत्यय गळाला, आणि ज्यांच्या नावात तो होता त्यांच्याशी असलेली आपली ओळखही बुजली.

ते शिपाई पेशवाई बुडवायला लढले का? त्यांच्या तोंडचे एक अक्षर आपल्यापर्यंत आलेले नाही. महिन्याचा पगार, अंगावर गणवेश, म्हातारपणी पेन्शन आणि जातीवाचून दुसऱ्या कशावरून तरी मिळणारी बढती हे सगळे पलटणीत होते आणि गावगाड्यात नव्हते, एवढे मात्र नक्की. तेवढे कारण मला पुरेसे वाटते. त्या स्तंभाला आज जो अर्थ आहे तो शिवराम जानबा कांबळ्यांसारख्या कार्यकर्त्यांनी आणि १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेलेल्या बाबासाहेबांनी दिला. इंग्रजांनी तो खांब आपल्या विजयाची खूण म्हणून उभा केला होता. त्यावरची नावे वाचायची हे आपल्या लोकांनी ठरवले.

आता त्या कोळी मुलाच्या वाट्याचा इतिहास. कोरेगाव निदान आपल्या व्यासपीठावर तरी आहे. याचा पत्ता मला एम.ए. होईपर्यंत नव्हता.

राघोजी भांगरे याला १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. सावकार आणि सरकार या दोघांविरुद्ध सह्याद्रीच्या या पट्ट्यात उठलेला हा कोळी नाईक. त्यानंतर दहा वर्षेही झाली नाहीत तोच १८५७ आले. ऑक्टोबरात नांदूर-शिंगोट्याला भागोजी नाईकाच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत हेन्री नावाचा पोलीस अधिकारी मारला गेला. डोंगरात भिल्लांचा पाठलाग करायचा कोणी? गोऱ्या सोजिराला ते जमणार नव्हते आणि सपाटीवरच्या शिपायालाही नव्हते. तेव्हा सरकारला आठवण झाली ती कालपर्यंत ज्यांना दरोडेखोर ठरवले त्या कोळ्यांची. नटॉल नावाच्या अधिकाऱ्याने महादेव कोळ्यांचे एक खास पथक उभारले. सुमारे सहाशे माणसांचे.  त्यांचा प्रमुख देशी अधिकारी जावजी नाईक बांबळे. या ‘कोळी कोअर’ने भिल्लांविरुद्ध घाटाघाटांतून दौड केली. १८५९ च्या नोव्हेंबरात भागोजी मारला गेला आणि १८६१ साली पथक मोडले. थोडे लोक पोलिसांत घेतले गेले. बाकीचे परत आपल्या वरई-नाचणीच्या खाचरांकडे.

एका आदिवासीच्या पाठीवर दुसरा आदिवासी सोडण्याची ही युक्ती जगभर सगळ्याच साम्राज्यांनी वापरली. तिचे नवल नाही. पुढचे पाहा. १८७३ च्या सुमारास आंबेगावच्या जांभोरीचा होन्या भागोजी केंगले सावकारांविरुद्ध उठला. याच डोंगरात त्याची टोळी फिरत होती, आणि १८७६ साली तो पकडला जाईपर्यंत तेच सरकार त्याच्या मागे फौजफाटा घेऊन लागले होते. म्हणजे एकाच डोंगरातला माणूस १८४८ ला फाशीच्या दोरावर, १८५७ ला सरकारी हजेरीपटावर आणि १८७३ ला पुन्हा फरारी. डोंगर तोच होता, खाचरे तीच होती, सावकारही तोच. निकड मात्र सरकारची होती, आणि ती संपली की पट बंद व्हायचा.

याच काळात पलटणीतला महार शिपाई हिंदुस्थानाबाहेर लढत होता. दुसऱ्या अफगाण युद्धातली एक हकिकत मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. एप्रिल १८८०. क्वेट्ट्याहून कंदाहारकडे जाणाऱ्या वाटेवर दबराई नावाचे एक छोटेसे ठाणे. मुंबई पायदळाच्या १९ व्या पलटणीचा मेजर वॉडबी तेथे होता. हल्ला येतो आहे अशी खबर लागली. निघून जायला वेळ होता. पण त्याने ठाणे धरायचे ठरवले. त्याच्याबरोबर दोन शिपाई उभे राहिले. समोर शेकडो पठाण. काही तास हे तिघे लढले आणि तिघेही पडले. त्या दोन शिपायांची नावे इलाही बक्ष आणि सोननाक तन्नाक. मेजरच्या स्मरणार्थ बसवलेल्या फलकावर या दोघांचीही नावे आहेत.

मुंबईला फोर्टात जाल तर ज्याला आज हजारीमल सोमाणी मार्ग म्हणतात तो जुना वॉडबी रोड. साहेबाचा रस्ता झाला. पुढे साहेब जाऊन शेटजी आले. इलाही बक्ष आणि सोननाक यांच्या नावाची गल्लीही कोठे माझ्या पाहण्यात नाही. पण माझी तक्रार रस्त्याच्या नावाची नाही. दबराईनंतर बारा वर्षांनी काय घडले ते पाहिले की रस्ता ही फार किरकोळ गोष्ट वाटू लागते.

१८९२ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली.

हे कसे झाले, कारण ते समजल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही. १८५७ नंतर इंग्रजांच्या मनात हिंदी फौजेविषयी धास्ती बसली होती. उत्तरेकडून रशिया येईल ही दुसरी धास्ती. १८८० च्या जुलैत मैवंदला मुंबई फौजेच्या पलटणींचा मोड झाला. त्याने दक्षिणेकडच्या शिपायांविषयीची नाराजी वाढली. त्यातून एक सिद्धांत पक्का झाला, की हिंदुस्थानात काही जाती जन्मतःच लढवय्या आहेत आणि बाकीच्या नाहीत. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेला लॉर्ड रॉबर्ट्स या मताचा मोठा पुरस्कर्ता. शीख, गुरखा, पठाण, डोग्रा हे लढवय्ये. मद्रासी आणि दख्खनी शिपाई सुस्त झालेले. महार तर यादीतच नाहीत.

गंमत अशी, की जुन्या मुंबई फौजेचा नियम याच्या अगदी उलट होता. तिथे सगळ्या जातींचे शिपाई एकाच कंपनीत मिसळून असत. हुद्दा नोकरीवर मिळे. महार सुभेदार असला तर त्याच्या हुकुमावर ब्राह्मण आणि मराठा शिपाईही पाय उचलत. नव्या पद्धतीत कंपन्या जातवार झाल्या: मराठ्यांची वेगळी, मुसलमानांची वेगळी. ज्या जातीबरोबर बसायला बाकीचे तयार नाहीत तिची कंपनी कोण करणार? गावकुसाची भिंत साहेबाने शास्त्र म्हणून छावणीत आणून उभी केली. मनूला जे साधले नव्हते ते रॉबर्ट्सने एका हुकुमात साधले, असे मी वर्गात म्हणतो. वाक्य थोडे नाटकी आहे. पण मुलांच्या लक्षात राहते.

एका जातीच्या काही हजार नोकऱ्या गेल्या, एवढाच याचा अर्थ नाही. पलटण ही आपली पहिली शाळा होती. शिपायांच्या मुलांना, मुलींनाही, छावणीत सक्तीचे शिक्षण होते. प्रौढांसाठी रात्रीच्या शाळा होत्या. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. बाबासाहेब जन्मले १८९१ साली, महूच्या छावणीत; आणि जवळजवळ लगेचच मागे दार बंद झाले. थोडे आधी बंद झाले असते तर काय झाले असते, असल्या जर-तरात इतिहासाने शिरू नये हे मला कळते. तरी हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

दार बंद झाले तेव्हा त्यावर पहिली थाप मारली ती याच शाळांत शिकलेल्या पेन्शनरांनी. गोपाळबाबा वलंगकर १८८६ ला फौजेतून निवृत्त होऊन दापोलीला राहिले होते. १८९४ साली त्यांनी भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्जाचा मसुदा केला. त्यात त्यांना काय लिहावे लागले? आम्ही मूळचे क्षत्रिय, दुर्गादेवीच्या दुष्काळात अभक्ष्य खाल्ल्याने पतित झालो. वर्णव्यवस्थेवर आसूड ओढणारा माणूस, आणि सरकारच्या दारी उभा राहताना त्यालाही क्षत्रियत्वाचा दाखला जोडावा लागला. कारण सरकारने दारावर पाटीच तशी लावली होती. काही अभ्यासक या अर्जाला मागासलेला म्हणून नाक मुरडतात. मला त्यात अर्जदाराची अडचण दिसते. पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांच्या पुढाकाराने जेजुरीला महारांची परिषद भरली आणि विलायतेच्या सरकारकडे अर्ज गेला. त्यात लष्कर, पोलीस आणि सरकारी नोकऱ्यांची मागणी आहे, आणि सूर पुष्कळ बदललेला आहे. वलंगकरांपासून कांबळ्यांपर्यंत सोळा वर्षांत आपला अर्ज कसा बदलत गेला, यावर आपल्यापैकी कोणी तरी सविस्तर लिहिले पाहिजे.

आता त्या मुलाच्या प्रश्नापर्यंत आपण आलो. महायुद्धात आपल्याकडचे होते का?

होते. पण कोणत्या रकान्यात होते ते पाहावे लागते.

१९१४ च्या शेवटी पुणे डिव्हिजन, म्हणजे हिंदी फौजेची सहावी डिव्हिजन, मेसोपोटेमियात, आजच्या इराकात, उतरली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. बगदाद घ्यायच्या हव्यासात जनरल टाउनशेंड पुढे गेला, मार खाऊन मागे आला, आणि डिसेंबर १९१५ पासून तैग्रिसच्या वळणावरच्या कूट-अल-अमारा या गावात वेढला गेला. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. अन्न संपत आले तेव्हा घोडे कापायला सुरुवात झाली. गोऱ्या सोजिरांनी मांस खाल्ले. हिंदी शिपायांनी नकार दिला. धर्म बुडेल, आणि गावी परतल्यावर जात वाळीत टाकील. उपाशी शिपायांना रक्तदोषाच्या व्याधी जडल्या, माणसे वाळत गेली. शेवटी हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून, खायला हरकत नाही अशा संमती मागवून शिपायांना कळवण्यात आल्या. तरीही पुष्कळांनी शेवटपर्यंत कां-कूं केली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली तेव्हा सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती पडली. त्यांतली हजारो कैदेतच मेली.

हे वाचताना मी नेहमी थांबतो. ज्यांना मेलेल्या जनावराचे मांस खातात म्हणून शतकानुशतके गावाबाहेर ठेवले, त्यांना दुष्काळात कोणत्याही धर्मपीठाने कधी संमतीची तार पाठवली नव्हती. उपासमार एकच, एकीला शास्त्राची सवलत, दुसरीला शिक्षा. तिथल्या मराठा शिपायाची मी चेष्टा करीत नाही. तोही गरीब शेतकऱ्याचाच पोर होता, आणि जातीची भीती त्याला भुकेपेक्षा मोठी वाटली, यात जातीचीच ताकद दिसते.

शरण गेलेल्या तेरा हजारांत तीन हजारांहून अधिक लोक शिपाई नव्हतेच. लष्करी भाषेत त्यांना ‘फॉलोअर’ म्हणत. मराठीत पानिपतापासून त्यांच्यासाठी एक तुच्छतेचा शब्द आहे, बुणगे. भिस्ती, भंगी, मोची, धोबी, लंगरी, मोतद्दार, खेचरवाले, डोलीवाले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून असे साडेपाच लाखांच्या आसपास लोक गेले. सैन्य यांच्यावाचून एक दिवस उभे राहू शकत नव्हते. गोळी त्यांनाही लागत होती. पण पगार कमी, कपडे कमी, जखमी झाल्यास भरपाई कमी. माणसे पुरेनात तेव्हा तुरुंगातले कैदीही शिक्षेत सूट देऊन मेसोपोटेमियात मजूर म्हणून नेले. ज्या जातींना ‘लढवय्या नाहीत’ म्हणून शिपायाच्या रकान्यातून काढले, त्या या रकान्यात मात्र चालत होत्या. झाडू मारायला, पाणी भरायला आणि कातडे शिवायला क्षत्रियत्वाचा दाखला लागत नव्हता.

या माणसांच्या नावांचे काय झाले? बसऱ्याला मेसोपोटेमियाच्या लढाईत पडलेल्यांचे मोठे स्मारक आहे, १९२९ साली उघडलेले. चाळीस हजारांवर मृतांचे ते स्मारक. त्यावर गोऱ्यांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. साध्या हिंदी शिपायाच्या ठिकाणी पलटणीचे नाव आणि पुढे आकडा. १८२१ च्या कोरेगावच्या दगडावर साध्या शिपायाचे नाव कोरले गेले. शंभर वर्षांनंतर, साम्राज्य अधिक श्रीमंत आणि अधिक ‘सुधारलेले’ झाल्यावर, त्याचा आकडा झाला. युद्धस्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननेच २०२१ साली अहवाल काढून कबूल केले, की आशिया-आफ्रिकेच्या हजारो मृतांना असमान वागणूक मिळाली आणि लाखाहून अधिक माणसांची कदाचित नावानिशी किंवा कशीच नोंद झाली नाही.

आपल्याकडे अनेक गावांतून संगमरवराची किंवा साध्या दगडाची एक पाटी आढळते: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतके कामास आले. चावडीच्या भिंतीत, जुन्या शाळेत, देवळाच्या आवारात. तीही फक्त आकडा सांगते. विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे, की गावात अशी पाटी असेल तर आकडा उतरवून घ्या आणि मग सगळ्या आळ्यांतून, मुख्यतः जेथे पाटी नाही त्या वस्तीतून, म्हाताऱ्यांना विचारा. आमच्या तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तिथल्या दगडांना आता विचारता येत नाही, पण तिथून उठलेली माणसे अजून आहेत.

युद्ध लांबले, ‘लढवय्या’ जातींतली तरुण पोरे पुरेनाशी झाली, आणि जून १९१७ मध्ये सरकारला आपला सिद्धांत अचानक विसरता आला. १११ वी महार पलटण उभी राहिली. पंचवीस वर्षे जे लोक जन्मतः नालायक होते ते एका हुकुमाने लायक झाले. युद्ध संपले. १९२० साली ही पलटण ७१ व्या पंजाबी पलटणीत मिसळली आणि १९२१ च्या मार्चमध्ये मोडून टाकली. पुन्हा नालायक. दुसरे महायुद्ध आले, जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्यांनी महारांच्या स्वतंत्र पलटणीचा आग्रह धरला, आणि त्याच ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी कामठीला. तिच्या टोपीवरच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे तो स्तंभ जाऊन त्याच्या जागी खंजीर आला. रेजिमेंट मात्र या वेळी मोडली नाही. १९४६ मध्ये तिची मशीनगन रेजिमेंट झाली, फाळणीच्या दंगलीत पंजाबात निर्वासितांच्या रक्षणाला तिच्या पलटणी होत्या, आणि आज तिच्यात देशभरच्या सगळ्या जातींचे जवान आहेत.

बेळगावलाच १९४२ साली २५ वी महार पलटण उभी केली होती. माझ्या आजोबांचे थोरले चुलते तिच्यात होते. ही पलटण देशांतर्गत बंदोबस्ताला राहिली आणि १९४६ साली मोडली. ते परत आले ते पत्र्याची एक ट्रंक, एक ब्लँकेट आणि सुटकेचा कागद घेऊन. घरी सांगतात, की पहिल्या आठवड्यातच गावकीचा निरोप आला, येसकराची पाळी तुमच्या घराची आहे. चार वर्षे रायफल बाळगलेला माणूस काठी घेऊन भाकरी मागायला निघेना. त्यावरून घरात आणि वस्तीत पुष्कळ झाले. त्याच्या जागी कोणी तरी जायलाच हवे होते. त्याचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे पणजोबा गेले. ती पाळी आमच्या घराची सुटली ती १९५८ च्या कायद्याने वतने गेल्यावर.

तो सुटकेचा कागद अजून आमच्याकडे आहे. घडीवर फाटलेला. मी तो वर्गात नेला आणि त्या आहुप्याच्या मुलाला वाचायला दिला. त्याने हुद्दा, नोकरीचा काळ, सुटकेचे कारण असे एकेक रकाने बोट ठेवून वाचले. कारणापुढे पलटण बरखास्त झाल्याची नोंद होती. त्याने कागद नीट घडी घालून परत दिला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मला स्टाफरूमच्या दाराशी भेटला. म्हणाला, ‘सर, आमच्या वाडीत एक घर आहे, त्याला सगळे जमादाराचं घर म्हणतात. आजीला विचारलं, का म्हणतात? ती म्हणाली, पहिल्यापासून म्हणतात. त्यांच्यात जमादार कोण होता ते त्यांनाही माहीत नाही.’

मी त्याला १८५७ ते १८६१ ही साले वहीत लिहून घ्यायला सांगितली.